महागाचे तास

गाडी शिकवणाऱ्या माणसाचा एक पाय कायम ब्रेकवर असतो. शिकणाऱ्याच्या शेजारच्या सीटखाली त्याच्यासाठी वेगळा ब्रेक बसवलेला असतो आणि शिकणाऱ्याने भलतीकडे तोंड फिरवलं की तो दाबायचा, एवढंच काम. वाचायला सोपं वाटतं. करून बघा एकदा. या गोष्टीतली बाई ते इतकी वर्षं करत होती की घरी जेवतानाही टेबलाखाली तिचा पाय दाबला जायचा. समोरची वाटी कलंडली की तिचे वडील हमखास म्हणायचे, "मास्तरीणबाई, ब्रेक उशिरा लागला."

मास्तरीण हे नाव त्यांनीच ठेवलेलं. ते स्वतः जन्मभर एका शाळेत शिपाई होते, त्यामुळे मुलीने मास्तरीण व्हावं अशी त्यांची फार इच्छा. ती झाली, पण गाडीची. तेही त्यांना चाललं. उलट चारचौघांत ते ऐटीत सांगायचे, की आमच्या मुलीचे विद्यार्थी चुकले तर भिंतीवर आदळतात, इतरांचे नुसते नापास होतात.

शाळेत पोरं त्यांना बटणकाका म्हणायची. शेवटची घंटा झाली, वर्ग रिकामे झाले, की हे एका टोकापासून दुसऱ्या टोकापर्यंत फिरायचे आणि वर्गावर्गातले पंखे-दिवे बंद करायचे. कोणी सांगितलं होतं म्हणून नाही. रिकाम्या खोलीत पंखा फिरताना दिसला की त्यांचा जीव वरखाली व्हायचा. निवृत्त झाल्यावर ही फेरी घरात आली. लेक स्वयंपाकघरातून बाहेरच्या खोलीत आली, की तिच्या मागे स्वयंपाकघरातला दिवा गेलाच म्हणून समजा. भाजी चिरताना ती दोनदा अंधारात राहिली होती आणि एकदा तर अंगाला साबण लावलेला असताना.

पुढे त्यांची फुप्फुसं बिघडली आणि ही फेरी थांबली. डॉक्टरांनी ऑक्सिजनचं मशीन लावायला सांगितलं. खिडकीजवळच्या खुर्चीशेजारी ते उभं राहिलं, गुडघ्याएवढं, चाकांवरचं. त्यातून निघालेली नळी बाबांच्या कानांमागून नाकापर्यंत यायची. अंघोळीपुरती सोडली तर ती काढायची नाही, असा हुकूम होता. मशीन दिवसभर घुरघुरायचं आणि मधूनच एक मोठा उसासा टाकायचं. पहिल्याच दिवशी बाबा म्हणाले, "घोरणारे पाहुणे आलेत." तेव्हापासून त्या घरात मशीनला कोणी मशीन म्हटलं नाही. पाहुण्यांची वायर सरकव, पाहुण्यांची जाळी धू, असं सगळं चालायचं.

याला कारण होतं. मास्तरणीची आई गेली ती दीर्घ आजाराने, आणि त्या दिवसांत घरात दुसरा विषयच नव्हता. येणारा-जाणारा पलंगाशी बसून तिच्यादेखत तिच्या आजाराची चर्चा करायचा, मान हलवायचा, चहा पिऊन जायचा. ती बिचारी भिंतीकडे तोंड करून ऐकायची. ती गेल्यावर बाबांनी मुलीला बजावलं होतं, की माझ्या वेळी 'आजारी' हा शब्द या घरात काढायचा नाही. मुलीने शब्द दिला आणि पाळलाही. अशा बाबतीत बापलेक दोघंही एकाच मुशीतले.

आता गाडीकडे येऊ. पेट्रोलच्या जुन्या गाडीने दमवलं, तेव्हा मास्तरणीने विजेची गाडी घेतली. पार्किंगच्या भिंतीवर चार्जर बसवून घेतला. दिवसभर शिकाऊ लोक गाडी पिदडणार आणि रात्रभर ती भिंतीला लावून ठेवायची, असा हिशेब. मग वीज कंपनीचा निरोप आला, की तुमच्याकडे आता गाडी आहे, तेव्हा दर निवडा. एक सरसकट दर, दिवसरात्र सारखाच. दुसरा वेळेनुसार: रात्री एकदम स्वस्त, दिवसा ठीकठाक आणि संध्याकाळी, सगळं गाव घरी येऊन दिवे लावतं तेव्हा, चांगलाच महाग.

तिने कंपनीला फोन लावला तेव्हा ती बटाटे सोलत होती. हात ओले, म्हणून फोन स्पीकरवर टाकून टेबलावर ठेवला. समोर बाबा बसलेले, नाकात नळी, कान फोनकडे. फोनवरची मुलगी गोड बोलत होती. गाडी रोज किती चालते, रात्री लावून ठेवता का, संध्याकाळी घरी कोण असतं, असं एकेक विचारत गेली. मग म्हणाली, "घरात कोणी आजारी आहे का, मॅडम? मशीनवर वगैरे असलेलं?"

का विचारते ते तिने सांगितलं नाही आणि हिनेही विचारलं नाही. हिने फक्त समोर पाहिलं. बाबा खिडकीकडे बघत होते, पण त्यांची मान ताठ झाली होती.

"छे छे," मास्तरीण पटकन म्हणाली, "आम्ही दोघंच आहोत. दोघंही ठणठणीत."

बाबांनी वळून अंगठा वर केला. दोघं हसली. पाहुण्यांनी एक उसासा टाकला. पाच मिनिटांत रात्रीचा स्वस्त दर पक्का झाला.

यात तिची चूक झाली असं म्हणायचं तर म्हणा. मला मात्र तिच्या जागी दुसरं काही उत्तर सुचलं नसतं. बापासमोर बापाला आजारी म्हणायला जीभ रेटावी लागते, आणि ती कशासाठी रेटायची, विजेच्या बिलासाठी?

मग तिने बाबांना नवा दर समजावून सांगितला. शिकवण्याची सवय, त्यामुळे टेबलावर बटाटे मांडूनच सांगितला. हा लहान बटाटा म्हणजे रात्र, हा मधला म्हणजे दिवस आणि हा भोपळ्याएवढा म्हणजे संध्याकाळ. कपडे धुणं, इस्त्री, पाणी तापवणं, सगळं रात्री किंवा सकाळी. संध्याकाळी काही लावायचं नाही. बाबा मन लावून ऐकत होते. त्यांनी विचारलं, "काहीच नाही?" आणि ती हसत म्हणाली, "काही नाही. संध्याकाळी नुसता श्वास घ्यायचा, तेवढा फुकट आहे."

हे वाक्य पुढे तिला झोपू देणार नव्हतं. त्या वेळी मात्र ती बटाटे फोडणीला टाकून मोकळी झाली.

बाबांना पुन्हा काम मिळालं. इतके महिने ते खुर्चीत बसून रस्ता बघत होते, आता संध्याकाळ झाली की नळी लांबेल तिथपर्यंत फिरून बटणं बंद करायचे. नोकरदार माणसं संध्याकाळीच गाडी शिकायला मोकळी होतात, त्यामुळे महागाचे तास मास्तरणीचे बाहेरच जायचे. शेवटचा विद्यार्थी उतरला की ती घरी फोन करायची, 'निघाले', एवढंच सांगायला. पलीकडून बाबा हजेरी द्यायचे: बाहेरचा दिवा बंद, टीव्ही बंद, पंखा बंद, फ्रिजला तेवढी माफी. ती घरी येईपर्यंत महागाचे तास सरत आलेले असायचे, पाहुणे घोरत असायचे आणि बाबा खुर्चीत बसलेले असायचे, जरा दमलेले पण खुशीत. तिला वाटायचं, बरं झालं, माणसात आले.

पहिलं बिल आलं ते कंपनीने सांगितलेल्या अंदाजापेक्षाही कमी. मास्तरणीला हर्ष झाला. तिने ते बिल विद्यार्थ्यांना दाखवलं, पेट्रोल पंपावरच्या जुन्या ओळखीच्या पोऱ्याला मुद्दाम जाऊन दाखवलं, आणि येताना केक घेऊन आली. बाबांना म्हणाली, हे सगळं तुमच्यामुळे. बाबांनी केकचा तुकडा तोंडात ठेवला आणि भरल्या तोंडाने म्हणाले, "मग? शाळा काय मला उगाच फुकट पगार देत होती?"

पण त्याच सुमारास त्यांचं काहीतरी बिनसायला लागलं होतं. सकाळी डोकं दुखायचं. पावलं सुजायची. बोलता बोलता शब्द हरवायचा आणि मग ते चिडायचे. एकदा त्यांनी लेकीला तिच्या आईच्या नावाने हाक मारली, आणि दोघांनीही ती न ऐकल्यासारखं केलं. डॉक्टरांनी तपासलं, मशीनचा काटा वाढवायला सांगितला आणि बाहेर आल्यावर हिला विचारलं, नळी नीट लावतात ना, पूर्ण वेळ? मास्तरणीला राग आला. मी स्वतः लावते, माझ्या डोळ्यांसमोर असते, असं तिने ठणकावून सांगितलं. डॉक्टर म्हणाले, मग आजार पुढे सरकलाय. ती गाडीत येऊन बसली, स्टिअरिंगवर डोकं ठेवून मनसोक्त रडली, आणि घरी जाताना तोंड धुऊन गेली.

मग तो दिवस आला. संध्याकाळची शेवटची शिकवणी एका बँकेतल्या कॅशियरची होती. तो गडी चौकात डाव्या-उजव्याचा घोळ घालायचा आणि दोष आरशाला द्यायचा. त्या दिवशी त्याने सर्दी झाल्याचं कळवलं. मास्तरणीला लॉटरी लागल्यासारखं झालं. अचानक जाऊन बाबांना चकित करू, त्यांना घेऊन गाडीतून एक चक्कर मारू, बाहेर जाताना लावायचा ऑक्सिजनचा छोटा सिलेंडर बरोबर घेऊ, असे मनात मांडे खात ती घराकडे वळली. फोन केला नाही. फोन केला तर चकित कसलं करणार?

जुनी गाडी असती तर कोपऱ्यावरच तिचा खोकला घरात ऐकू गेला असता. ही गाडी मांजराच्या पावलांनी आली. तिने दार किल्लीने उघडलं आणि ती उंबऱ्यातच थांबली. काहीतरी चुकत होतं, काय ते कळेना. घर अंधारात होतं, पण ते रोजचंच. मग कळलं. घरात आवाज नव्हता.

पाहुणे बंद होते.

बाबा खुर्चीत बसले होते. नळी नाकात तशीच लावलेली, जागच्या जागी, आणि तिच्यातून काहीही येत नव्हतं. डोळे मिटलेले. दोन्ही हात खुर्चीच्या हातांवर रोवून, खांदे वर घेऊन ते एकेक श्वास ओढत होते, विहिरीतून जड घागर ओढावी तसा. ओठ काळेनिळे झालेले. मांडीवर फोन होता, पडदा वर करून ठेवलेला. तिचा फोन आला, 'निघाले' म्हणाली, की मशीन लावायचं आणि ती येईपर्यंत सावरायचं, असा तो रोजचा बेत होता. त्या दिवशी फोन आला नव्हता आणि ते वाट बघत बसले होते.

तिने धावत जाऊन बटण दाबलं. मशीन घुरघुरलं. ती त्यांच्या पायाशी खाली बसली आणि बोटाला लावायच्या यंत्रातला ऑक्सिजनचा आकडा वर चढताना बघत राहिली. तो फार सावकाश चढला. त्यांच्या ओठांचा रंग परत आला तेव्हा तिने विचारलं, "कधीपासून?"

"आत्ताच केलं होतं गं. चुकून."

त्यांना तोंडावर खोटं बोलणं कधी जमलंच नव्हतं. तेवढ्यात उघडं दार बघून शेजारच्या शिवणवाल्या काकू डोकावल्या. भिंतीला लागून त्यांचं शिलाई मशीन. त्या सहज बोलून गेल्या, की संध्याकाळी तुमच्याकडचा आवाज येत नाही हल्ली, मला वाटलं बिनआवाजाचं नवं आणलंत. विजेची दोन बिलं येऊन गेली असतील तेव्हापासून, असंही म्हणाल्या. बाबांनी मान खाली घातली. काकूंना काय समजायचं ते समजलं आणि त्या दार लोटून गेल्या.

मास्तरीण ओरडली नाही. बाबाच बोलायला लागले, मध्ये मध्ये थांबत.

"तू दिवसभर दुसऱ्यांच्या चुकांवर ब्रेक दाबत फिरतेस. मी बसल्या जागी एक बटण दाबलं तर काय बिघडलं? महागाचे तास असतात ते. आणि तूच सांगितलंस ना त्या पोरीला, दोघंही ठणठणीत म्हणून. ठणठणीत माणसाला तेवढ्याने काय होतंय?"

हे ते हसून म्हणाले. टोमणा नव्हता, खरंच नव्हता. म्हणून तर तिच्या काळजात ते खोल गेलं. केक, पेट्रोल पंपावरची बढाई, डॉक्टरांवरचा राग, सगळं तिला एकदम आठवलं आणि स्वतःची शिसारी आली. बिलात बचत झाली ती वीज कुठली होती ते तिला आता कळलं होतं.

दुसऱ्या दिवशी सकाळीच तिने कंपनीला फोन लावला. सरसकट दर परत द्या म्हणाली. पलीकडच्या मुलीने नियम सांगितला, की एकदा निवडला की वर्षभर बदलता येत नाही. हिने विनवलं, आवाज चढवला, पुन्हा विनवलं. शेवटी ती मुलगी म्हणाली, की एक मार्ग आहे. घरात मशीनवरचा रुग्ण असेल तर वेगळा दर मिळतो. गाडीला रात्रीची स्वस्त वीज तशीच राहते आणि संध्याकाळचा वाढीव दर त्या घराला लागतच नाही. पण तुम्ही तर सुरुवातीला नाही म्हणून सांगितलंय.

मास्तरणीने फोन दुसऱ्या कानाला लावला. म्हणजे त्या पहिल्या फोनवर हो म्हटलं असतं, एवढा एक शब्द, तर या घरात महागाचे तास आलेच नसते. बाबांनी सोसलं ते सगळं विनाकारण.

"मॅडम, आहे का घरात कोणी आजारी?"

फोन स्पीकरवर नव्हता, पण खोली केवढीशी. बाबा समोरच होते. तिने या वेळी त्यांच्याकडे बघितलं नाही.

"हो," ती म्हणाली. "माझे वडील आजारी आहेत. फार आजारी आहेत."

डॉक्टरांचं पत्र मागितलं गेलं, पडताळणी होईल, मग नवा दर लागू होईल, असं ठरलं. तिने फोन ठेवला. मग बाबांनी घसा साफ केला आणि म्हणाले, "चला. आता पाहुण्यांना मशीन म्हणायला हरकत नाही."

तिने संध्याकाळच्या शिकवण्या बंद केल्या. कॅशियरला दुसऱ्याकडे पाठवलं, जाताना डावा-उजवा हात ओळखण्याची युक्तीही सांगितली. महागाचे तास ती आता बाबांच्या खुर्चीशेजारी बसून काढायची, मशीन चालू, डोक्यावरचा दिवा चालू, पंखा चालू. बाबांचा हात मधूनच बटणाकडे जायचा आणि ती तो हळूच धरून ठेवायची. इतक्या वर्षांत बोलली नव्हती तेवढी ती दोघं त्या दिवसांत बोलली. तो शब्द एकदा घरात आला तो आला, मग त्याच्या मागे बाकीचंही सगळं आलं. आईचं शेवटचं बोलणं काय होतं ते बाबांनी सांगितलं. भीती वाटते का, असं तिने विचारलं आणि त्यांनी वाटते म्हणून सांगितलं. एकदा तिने धीर करून विचारलं, मशीन बंद केल्यावर काय व्हायचं?

"पाण्याखाली बसल्यासारखं वाटायचं," बाबा म्हणाले. "पण मग तुझा फोन यायचा."

ती उठून स्वयंपाकघरात गेली आणि नळ सोडून रडली.

बाबा गेले ते संध्याकाळीच, बाहेर नुकतं अंधारून आलेलं असताना. मशीन चालू होतं, तिचा हात त्यांच्या हातात होता. डॉक्टर नंतर म्हणाले, की फुप्फुसं तशीही फार साथ देणार नव्हती. तिने विचारलं, त्या संध्याकाळींनी बाबांचे किती दिवस खाल्ले? डॉक्टरांनी चष्मा काढून पुसला आणि सांगितलं, की असं मोजता येत नाही. ते भले होते म्हणून तसं म्हणाले, की खरंच येत नाही म्हणून, हे तिला कधीच कळणार नाही.

मशीन भाड्याचं होतं, त्याचा मालक येऊन ते ढकलत घेऊन गेला. खुर्चीशेजारी फरशीवर चाकांचे चार ठसे राहिले.

त्यानंतर एका संध्याकाळी कंपनीचा फोन आला. ती बटाटे सोलत होती. हात ओले, म्हणून सवयीने फोन स्पीकरवर टाकला. तीच मुलगी की दुसरी, कळायला मार्ग नव्हता, आवाज तितकाच गोड. तुमचा अर्ज मंजूर झालाय मॅडम, नवा दर सुरू करण्याआधी एक शेवटची खात्री करायची आहे, असं म्हणाली. घरात कोणी मशीनवर आहे का?

मास्तरणीने समोरच्या खुर्चीकडे पाहिलं.

"नाही," ती म्हणाली.

मुलीने सांगितलं, की मग आहे तोच रात्रीचा दर चालू राहील, गाडीसाठी तो तसा फायद्याचाच आहे. चालेल ना? चालेल, म्हणून तिने फोन ठेवला. उरलेले बटाटे सोलले, हात धुतले आणि पुसत पुसत ती बाहेरच्या खोलीत आली. तिच्या मागे स्वयंपाकघरातला दिवा तसाच जळत राहिला. ती दारात थांबली आणि तो बंद व्हायची वाट बघत थोडा वेळ उभी राहिली.